बाकी घोडी एक नंबर

...आन् मी म्हनतो, घोड्याचा गुडघा कुठं असतोय हेच ज्याला ठाऊक न्हाई, त्या मानसानं घोडं घ्यावंच कशाला? सांगा ना! न्हाई, हसू नका, तुमाला तरी ठाऊक हाय का? मागच्या पायाचा हां, पुढच्या न्हाई! दाखवा बरं हात करून... बघा, समदे खालीच दाखवू लागले! चुकलं! आमी बी तिथंच दाखवलं, तिथंच तेल चोळलं, लई मन लावून चोळलं, तळहाताची सालं निघाली, आन् गुडघा बसलाय हातभर वर, मजा बघत! पन ते नंतर. आधी शेषेराव ऐका.

शेषेराव म्हंजे आमचा डायवर. मी आनंदराज, त्येचा कंडक्टर. उभी हयात एका गाडीवर काढली आमी दोघांनी. लातूर, औसा, निलंगा, कवा नांदेडला मुक्काम. तो पुढं बसनार, मी मागं उभा ऱ्हानार. तो मला मास्तर म्हननार, मी त्येला शेषेराव. दोघं बी एकाच साली रिटायर झालो. माझं बरं चाललं होतं, तुमाला सांगतो. सकाळी विहारात जावं, दुपारी नातीला शाळेतून आनावं, चहा प्यावा, गप पडावं. पन शेषेरावला करमंना! खुर्चीत बसला की उजवा पाय आपोआप खाली दाबायचा... बिरेक! बायकोनं जेवायचं ताट आनलं की दोन्ही हात हलवून "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!" ती गुणावैनी एक दिवस ताट तिथंच ठिवून म्हनली, "भावजी, ह्यांना कुठंतरी घिऊन जा, न्हाईतर मीच उतरते फुडच्या ठेसनाला."

घिऊन गेलो. कुठं? माळेगावच्या जत्रंला! नांदेडकडं, घोड्याच्या बाजारात! शेषेराव म्हनला, "नुस्तं बघायचंय, मास्तर." नुस्तं बघायचंय म्हनून गेलेल्या मानसानं जगात आजवर काय काय घरी आनलंय, तुमी आपापल्या घरात बघा, मी कशाला बोलू?

तिथं ती होती. तांबडी लाल, कपाळावर पांढरा टिळा, चारी पायात पांढरे मोजे. पंचकल्यानी! आन् इकनारा तिला घिऊन नुस्ता हिंडतोय. शेषेराव म्हनला, जरा उभी करा की, बघू. तर तो म्हनतो कसा, "साहब, ये खडी रैने की चीज नै, ये चलने की चीज है! हवा है, हवा!" आन् पुन्ना चालवली. मी आपलं हळूच शेषेरावच्या कानात म्हनलं, हा उभी का करंना? तर शेषेराव कुठं हाय? शेषेराव तिच्या डोळ्यात! ती बघतीय ह्येच्याकडं, हा बघतोय तिच्याकडं, मधी मी... मला वाटलं आपुन उगंच आलो की काय!

घेतली.

टेंपोतून दारात उतरवली तवा गुणावैनी शेंगा निवडत होत्या. मान वर केली. "अवो, ही कोन?"

"हिरकनी," शेषेराव म्हनला. टेंपोतच बारसं झालं होतं.

"मी कोन म्हनून इचारलं, नाव न्हाई इचारलं. आन् ठिवनार कुठं तिला? घरात बसायला जागा न्हाई."

"तिला बसायला लागतच न्हाई गं! घोडं उभ्यानंच झोपतंय!"

"मग आता मी बी उभ्यानंच झोपू का?"

पन तुमाला सांगतो, घोडी होती मात्र देखनी. चाल अशी की शेषेराव वर बसून हातात चहाची कपबशी धरायचा आन् बशीत थेंब सांडायचा न्हाई. आता शेषेराव म्हंजे काय फूल न्हाई हां! उभी हयात बसून नोकरी केलेली, पोट स्टेरिंगला लागायचं, गाडी वळवताना आधी पोट वळायचं, मग गाडी. तो बसला की घोडीची पाठ जरा खाली यायची, ती एकदा "हूं" करायची, आन् निघायची. गावात कोनी इचारलं, कशी हाय घोडी, की ह्येचं ठरलेलं... "एक नंबर!"

आन् मग औशाचा बाजार आला.

शेषेराव म्हनला, आज औशाला घोडीवर जातो, स्टँडवर सगळी जुनी मंडळी असती, बघू द्या त्यांना. डोक्याला फेटा, मिशीला तेल, घोडीच्या गळ्यात घुंगरू. मी बसनं गेलो, मला अक्कल होती. स्टँडच्या बाहेर रस्त्याच्या कडंला उभी केली, ह्येनं वर बसूनच चहा मागवला. मंडळी जमली. कोन फोटू काढतंय, कोन हात लावतंय, शेषेराव वरून अशी मान हलवतोय जसं काय औशाचा किल्ला ह्येच्याच आज्यानं बांधला! चहा झाला. लगाम ओढला. "चल, हिरकनी!"

घोडी चालंना.

पुन्ना, "चल गं माय!" ती पुढचे दोन पाय टाकतीय, मागचा उजवा टाकतीय, आन् मागचा डावा... मागंच! असा सरळसोट, ताठ, मागं लांबलेला! कुनी मागून धरून ठिवल्यागत! खूर जमिनीवर घासतंय, पाय वाकतच न्हाई! तिनं मान वळवून सोताच्याच पायाकडं बघितलं, तुमाला सांगतो, ते जनावर असं बघत होतं, की हा पाय माझाच हाय का कुना दुसऱ्याचा? आन् शेषेरावच्या तोंडचं पानीच पळालं. खाली उतरला तो उतरला न्हाई, घसरला. फेटा एका कानावर.

मग काय! औसा हाय ते! गर्दीला काय कमी? "मोडला, मोडला!" "न्हाई वं, मुंगी चावली." "लकवा हाय, लकवा!" "नजर लागली, पांढऱ्या मोज्याला नजर लागतीच!" एक जन पाय धरून वाकवाया गेला, घोडीनं शेपटी अशी हानली तोंडावर की त्येचा चष्मा पार उसाच्या रसाच्या गाड्यावर! इकडं आटू थांबले, तिकडं टमटम थांबली, आन् स्टँडच्या गेटातून एक बस भायेर निघायला बघतीय तर म्होरं घोडी! बसच्या डायवरनं बघितलं, जागा न्हाई, मागं घ्यावी. कंडक्टर खाली उतरला, मागं जाऊन उभा ऱ्हायला, आन् शिट्टी... पी, पी, पी! "येऊ द्या! येऊ द्या!"

आन् घोडी मागं सरकली! बस इकडं मागं, घोडी तिकडं मागं! एक पाऊल, दोन पाऊल... आन् मांडीत आवाज झाला, खट्! जसा दाराचा अडसर निघावा! पाय सुटला! झालं! घोडी चारी पायावर उभी, कान हलवतीय, जसं काय घडलंच न्हाई!

शेषेरावनं घाम पुसला, गर्दीकडं बघितलं, फेटा सरळ केला आन् म्हनला, "काय न्हाई, जरा पाय अडकला होता. बाकी घोडी एक नंबर!"

बाकी! म्हंजे काय? घोडीत पाय सोडून बाकी काय असतंय?

आता एवढं झाल्यावर शहाना मानूस डॉक्टरकडं जाईल का न्हाई? ह्येनं भागवतला बोलावलं! भागवत म्हंजे शेजारी. जगात कुठला बी मर्ज सांगा, भागवतच्या आज्याच्या घोड्याला तो झालेलाच असतोय. आला, कमरंवर हात ठिवून बघितलं, म्हनला, "माझ्या आज्याच्या घोड्याला अस्संच झालं होतं. गुडघा धरलाय. तेल चोळा, बिब्बा घाला, आन् हालवूच नका. आराम! पूर्न आराम!"

बिब्बा म्हनल्याबरूबर गुणावैनी भायेर आल्या. "भागवतभाऊजी, आदी तुमच्या गुडघ्याला घालू, उतार पडला तर तिच्या घालू." बिब्बा तिथंच ऱ्हायला. पन तेल सुरू झालं! मागच्या पायाला मधी तो जो मोड दिसतोय ना, मागं टोक आलेला, तो गुडघा समजून मी एका बाजूनं, शेषेराव एका बाजूनं, चोळ की चोळ! मोहरीचं तेल, वरून करडीचं तेल... घरात फोडनीला थेंब ऱ्हायला न्हाई! आन् आराम तर असला, की ती हिरकनी नुस्ती उभी! कडबा जाग्यावर, पानी जाग्यावर. शेषेराव म्हनायचा, गाडी डेपोत लावलीय. माशी बसली तर हा उठून हाकलायचा. तिला शेपटी हालवायचे बी कष्ट नकोत!

आन् झालं काय? सांगा काय झालं असंल? हाव! दुसरा बी पाय अडकाया लागला! आदी डावाच होता, आता उजवा बी! सकाळी दावं सोडावं तर घोडी दाराच्या चौकटीगत उभी, मागचे पाय ताठ, आन् शेषेराव म्होरं उभा राहून दोन्ही हातानं छाती ढकलतोय, "मागं... मागं घे गं माय...", खट्! एक सुटला. खट्! दुसरा सुटला. मला घरी निरोप यायचा, "मास्तर, शिट्टी घिऊन या!" रिटायर झालेला कंडक्टर मी, आन् गोठ्यात उभा राहून घोडी रिव्हर्स घेतोय! नात शाळंत सांगती, माझा आजा घोड्याचा कंडक्टर हाय!

पन खरं सांगू? शेषेराव हसंना आता. तो जेवंना. घोडीची मांडी अशी आत बसत चालली होती, ती रोज जरा जास्त वेळ अडकायची, आन् अडकली की थरथरायची. एक दिवस तिनं पाय सुटल्यावर बी पुढं टाकलाच न्हाई. भ्याली होती. आपलाच पाय आपल्याला धोका देतोय म्हनल्यावर कोन बी भिईल. शेषेराव तिच्या मानंवर हात ठिवून बारीक आवाजात म्हनला, "बाकी... घोडी एक नंबर हाय, मास्तर." मी शिट्टी खिशात ठिवली आन् डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर सुकन्या. उदगीरला शिकलेली पोरगी, मोटारसायकलवर आली, गमबूट घातलेले. आल्या आल्या म्हनली, "चालवून दाखवा." मग म्हनली, "उभी करा." मग म्हनली, "वळवा." आन् मग वास घेतला. "तेल कुठे लावताय, काका?"

"गुडघ्याला!" शेषेरावनं अभिमानानं बोट केलं.

"हा गुडघा नाही. ही टाच आहे."

टाच! आमी येवढे दिवस घोडीच्या टाचंला मालिश करत होतो! डॉक्टरनं शेषेरावचा हात धरला आन् वर नेला, वर, अजून वर, पार पोटाजवळ, मांडी जिथं सुरू होती तिथं. "गुडघा इथे असतो. ही त्याची वाटी. लागली हाताला?"

लागली. शेषेरावचं तोंड उघडं ऱ्हायलं.

मग तिनं समजावलं, आन् असं समजावलं की मला बी कळलं. म्हनली, "काका, घोडा उभ्याने झोपतो ना, तो पडत का नाही? कारण त्याच्या गुडघ्यात देवाने एक कडी ठेवली आहे. वाटी वर सरकते, एका जाड शिरेवर अडकते, पाय ताठ होतो, घोडा निवांत झोपतो. जागा झाला की वाटी सोडवतो आणि चालू लागतो. हिची मांडी कमजोर आहे. कडी लागते, पण सुटत नाही. मागे घेतलं की सुटते, ते तुम्ही बरोबर केलंत."

"म्हंजे इंजन चांगलं हाय, बिरेक जाम हुतंय," शेषेराव म्हनला.

"तसंच समजा. आता सांगा, मांडी मजबूत कशाने होते? उभं राहून?"

भागवत कुंपनावरून वाकला होता, तो हळूच खाली बसला, दिसंनासा झाला.

"आराम बंद!" डॉक्टर म्हनली. "आराम हेच हिचं विष. रोज चालवा. सरळ चालवा, गरागरा वळवू नका. जमिनीवर बांबू टाका, त्यावरून पाय उचलू द्या. मग चढ चढवा, रोज, हळूहळू. खुराक वाढवा. नालबंदाला सांगून खुराचं पुढचं टोक कमी करून घ्या. पाडव्याला मी परत बघते. फरक पडला नाही, तर ती शीर कापावी लागेल."

"मग बरी हुईल?"

"पाय अडकणार नाही. पण काही घोड्यांचा गुडघा त्यानंतर कायमचा कच्चा राहतो. म्हणून आधी हे करू."

कायमचा. त्या शब्दानं शेषेरावला खाल्लं. डॉक्टर गेली, हा उंबऱ्यावर बसला तो उठंना. आन् नेमकं त्याच टायमाला भागवत पुन्ना आला, म्हनला, "एक गिऱ्हाईक हाय. जशी हाय तशी नेतो म्हनतोय. तुमाला कटकट न्हाई. माझ्या आज्यानं बी अस्संच..." शेषेराव काय बोलनार, तेवढ्यात गुणावैनी आतून आल्या, हाताला पीठ. मला वाटलं, झालं, आता ही म्हननार, द्या पाठवून एकदाची. ती म्हनली, "बिघडलं म्हनून इकायचं असतं ना भाऊजी, तर ह्यांनला मी कवाच माळेगावला नेलं असतं."

भागवत आज्यासगट गेला.

मग सुरू झालं बघा! सकाळी सकाळी वरात! म्होरं शेषेराव दोरी धरून, मधी हिरकनी, मागं मी शिट्टी घिऊन. रस्त्यावर बांबू मांडलेले. घोडी बघायची, पाय उचलायची, टाकायची, पुन्ना उचलायची, डौलात! आन् शेषेराव? शेषेराव धाड्कन पडायचा! रोज! डॉक्टरनं घोडीला पाय उचलायला सांगितलं होतं, ह्येला कोन सांगनार? पडायचा, उठायचा, धूळ झटकायचा, "मला काय झालं न्हाई. घोडी बरूबर उचलती का ते बघा!" इकडं खुराक! भिजवलेले हरबरे, लसूनघास, आन् गुणावैनीचं माहेर अर्धापूरचं, केळीच्या बागंतलं, भाऊ आला की केळीचा घड घिऊन यायचा. त्यातलं आमाला एक, बाकी घड हिरकनीला. वैनी केळ सोलून द्यायच्या वर! मी म्हनलं वैनी, घोडं सालीसगट खातंय. तर म्हनल्या, "खाऊ द्या की नीट. माहेरवाशीन हाय."

फरक पडत होता. लई न्हाई, पन पडत होता. मग डॉक्टर मधी आली, म्हनली, "आता पाठीवर थोडं वजन हवं. चढावर. हलका माणूस."

शेषेराव फेटा आनायला आत पळाला!

"काका, हलका म्हटलं मी."

तो फेटा हातात घिऊन दारातच थांबला. त्येनं सोताच्या पोटाकडं बघितलं, जसं काय ते आत्ताच कुनीतरी आनून ठिवलं. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हनलं, आपल्याकडं बघू नका, आपुन उभी हयात उभ्यानं नोकरी केली, बसायची सवय न्हाई! मग दोघं बी हळूहळू वळलो... आन् बघितलं गुणावैनीकडं. वाळल्या तुरीच्या काडीगत बाई!

"मी? अवो, डोकं फिरलं का तुमचं? लुगड्यावर? ह्या वयात? सुना-नातवंडं हायत, गाव काय म्हनंल?"

"गाव काय बी म्हनंल," शेषेराव म्हनला, आन् तुमाला सांगतो, त्या मानसानं हात जोडले, "तिच्या पायाचा सवाल हाय, गुणे."

बसल्या! गोठ्यातल्या पान्याच्या डोनीवर चढून, काष्टा खोचून, डोळे मिटून, तोंडानं देवाचं नाव, आन् हातात घोडीची आयाळ अशी गच्च की हिरकनीचे डोळे बारीक झाले! पयल्या दिवशी आंब्याच्या झाडापतूर गेल्या, "उतरवा, उतरवा, मी मेले!" दुसऱ्या टायमाला वढ्यापतूर. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. आन् मग एका सकाळी शेषेराव म्हनला, चला वळू आता, तर वरून आवाज आला, "यवढ्यात? आज खरोशाच्या टेकडीकडून घ्या की जरा!"

आमी एकमेकांकडं बघितलं. मागून मी डबल बेल दिली, तोंडानं. टिंग टिंग!

टेकडी चढलो झकास. घोडीची मांडी आता गोल भरलेली, चढावर अशी रेटायची की शेषेरावलाच वढून न्यायची. धोका झाला तो उतरताना. वळनावर म्होरून शेळ्या आल्या, म्हनून थांबलो. एका बाजूला खडक, एका बाजूला उतार, खाली नुस्ते दगड. शेळ्या गेल्या. शेषेरावनं दोरी वढली. आन् हिरकनी... डावा पाय मागं, ताठ!

लई दिवसांत अडकला नव्हता, आन् आता, इथं! वर वैनी! घोडी डगमगली, कडंचा एक धोंडा सुटला, खाली गेला, गेला... त्येचा आवाज लई उशिरा आला. मी शिट्टी तोंडात घातली, पन तोंडाला कोरड, फुंकर निघंना! आन् शेषेराव? उभ्या हयातीत घाटात गाडी एकदा लटपटू दिली न्हाई ज्यानं, तो मानूस दोरी धरून दगड झाला. व्हट हालतेत, आवाज न्हाई.

वैनीनं आमा दोघांकडं बघितलं. मग वाकल्या, घोडीच्या मानंवर हात ठिवला, आन् पाळन्यातल्या लेकराशी बोलावं तसं म्हनल्या, "भिऊ नको माय. मागं ये. ये... ये... अजून जरा." हिरकनीनं कान मागं केले. एक पाऊल मागं, चढाकडं. थरथरली. अजून एक.

खट्!

सुटला! सुटला वो! मी तिथंच बसलो, धुरळ्यात. शेषेराव बी बसला, आन् बसून रडाया लागला, लहान पोरागत, फेट्यात तोंड घालून. "तुला कायतरी झालं असतं तर गं... मी काय केलं असतं..."

वैनी वरूनच म्हनल्या, हळू, "तुमी घाटातून गाडी न्यायचे. पावसाचं, धुक्याचं. मी दारात बसून कान देऊन असायचे, की हॉर्न येतो का. रोज. आता कळलं का कसं वाटतंय?"

शेषेराव उठला, तिचा रिकिबीतला पाय धरला, तसाच धरून चालत घरापतूर आला. मी मागं चाललो. नेहमीपेक्षा जरा जास्त मागं.

मग पाडवा! दाराला तोरन, गुढी उभी, आन् अंगनात अर्धं गाव. डॉक्टर सुकन्या आली. उभी करा, म्हनली. केली. चालवा. चालवली. वळवा. श्वास कोंडून वळवली. बांबूवरून घ्या. घेतली. पुन्ना उभी करा, आन् राहू द्या उभी. तुमाला सांगतो, असा शुकशुकाट, की भागवत सुदीक आज्याबद्दल बोलला न्हाई! आन् मग डॉक्टर म्हनली, "चला."

हिरकनीनं डावा उचलला. टाकला. उजवा उचलला. टाकला. लोन्यातून सुरी जावी तशी!

"शीर कापायची गरज नाही," डॉक्टर म्हनली. "छान काम केलंत. पण चालवणं सोडायचं नाही हं, जन्मभर!"

अशी बोंब उठली! मी शिट्टी वाजवली, अशी वाजवली की दोन कुत्री पळाली! शेषेराव गुढीला नमस्कार करतोय, डॉक्टरला करतोय, मला करतोय, भागवतला बी करून टाकला! "बघितलं का? बघितलं का? एक नंबर! आता बाकी-बिकी काय न्हाई, सगळीच एक नंबर!" आन् फेटा बांधला, रिकिबीत पाय घातला, उडी मारनार...

हिरकनी दोन पावलं बाजूला सरकली. अगदी अदबीनं. शेषेराव एका पायावर नाचतोय. पुन्ना पाय घातला. पुन्ना सरकली. तिसऱ्या टायमाला ती सरळ निघाली, भर गर्दीतून, आन् जाऊन गुणावैनीच्या खांद्यावर नाक ठिवून उभी ऱ्हायली.

डॉक्टर हसू दाबत म्हनली, "काका, तसंही अजून काही महिने हलकाच स्वार बरा."

ते काही महिने संपले वो! कवाच संपले! शेषेराव रोज चढ चालून चालून निम्मा झाला, त्येचं पोट गेलं, शर्ट सदऱ्यागत झाला, आता त्यो वजनात बसतोय! पन घोडीवर बसत न्हाई. वैनी उतरतच न्हाईत! बाजारच्या दिवशी काष्टा खोचून, डोक्याला पदर, रुबाबात औशाला निघतेत, लोक बाजूला सरकतेत, आटूवाले हॉर्न बंद करतेत. आन् घोडीचा मालक? घोडीचा मालक मांडीवर रिकामी पिशवी घिऊन माझ्या शेजारी बसमधी!

परवाच्या बाजारची गोष्ट. आमची बस तिला वलांडून म्होरं चालली. शेषेराव खिडकीतून पार कमरंपतूर भायेर, डायवरला वरडतोय, "हळू घे रे, हॉर्न मारू नको, सवारी हाय!" वैनीनं आमच्याकडं बघितलं बी न्हाई. मान ताठ. हिरकनीनं बी न्हाई. दोघी एकसारख्याच!

तो आत येऊन बसला. मी इचारलं, "शेषेराव, खरं सांगा, ही घोडी आता कुनाची?"

त्येनं पिशवीची घडी घातली, पुन्ना उलगडली, आन् एक लांब उसासा टाकून म्हनला,

"घोडी माझीच हाय, मास्तर... फकस्त शीट रिझर्व्ह झालंय."